बिनगळाचे दहा दिवस

पडदा वर जातो. समोर कृष्णा. पूर ओसरून पंधरवडा झालेला. पाण्याचा रंग अजून चहासारखा, पण आता ते ओरडत नाही, पुटपुटत जातं. नदीवर आडवा बंधारा. त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधीच काढून ठेवलेले, म्हणून खांबांच्या मधून नदी मोकळी धावते आहे. डाव्या अंगाला घाट, उंबराचं झाड, झाडाखाली माझी प्लॅस्टिकची खुर्ची. उजव्या अंगाला थेट आभाळापर्यंत ऊस. ऊन कलतंय. असा उजेड पाडायला आमच्या नाटक कंपनीत दोन दिव्यांना पिवळा कागद लावावा लागायचा आणि तरी तो इतका खरा दिसायचा नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवर, मधल्या खांबाच्या माथ्याशी, दोन म्हातारे पाय सोडून बसलेत. एकाच्या हातात बांबूची काठी आहे. दुसऱ्यानं तोंड मुद्दाम दुसरीकडे केलंय.

काठीवाला नाथाजी. तोंड फिरवून बसलेला महावीर. दोघे एकाच शाळेच्या एकाच बाकावरचे, आष्ट्याहून नदीकडे उतरलं की लागणाऱ्या आमच्या या गावचे. ही गोष्ट नाथाजीची आहे.

माझ्याच ओळखीनं नाथाजी आमच्या नाटक कंपनीत आला. आधी पेट्या उचलायचा, मग पडद्याच्या दोरावर उभा राहिला आणि कंपनी बंद होईपर्यंत तिथंच राहिला. पडदा ओढायला काय लागतं, असं लोकांना वाटतं. शेवटच्या प्रवेशात मी मरून पडले की नाथाजी पडदा असा सोडायचा की तो पडतोय हे लोकांच्या लक्षातच येऊ नये; डोळे पुसून वर बघावं तर समोर मखमल. विनोदी प्रवेशावर मात्र फटकन. टाळ्या निम्म्या नटाच्या असतात आणि निम्म्या दोराच्या, हे मला त्याच्यामुळे कळलं. एकदा इस्लामपूरला दोर मध्येच अडला. सगळे वर बघायला लागले. नाथाजीनं वर पाहिलंच नाही. दोर बोटांत धरून जरा हलवला आणि म्हणाला, “गाठ न्हाई बाई, उंदरानं कुरतडलाय. हळू घेतो.” तसंच निघालं.

गळ टाकायला मात्र तो शिकला समुद्रावर. एका भाद्रपदात आमची कंपनी रत्नागिरीला अडकून पडली. घाटात दरड आली, सामानाचा ट्रक वर देशावर आणि आम्ही खाली कोकणात. आम्ही बायका खोलीत पत्ते कुटत बसलो. नाथाजी सकाळी उठून जायचा तो बंदराच्या धक्क्यावर. तिथं एक म्हातारा खलाशी धक्क्याच्या भिंतीवरून समुद्रात गळ टाकून बसायचा. त्याचं नाव नाथाजीनं कधी विचारलं नाही, त्यानं याचं विचारलं नाही. शिसं किती बांधायचं, लाट माघारी फिरताना दोरा किती सैल सोडायचा, दगडाला अडकलेला गळ आणि माशानं धरलेला गळ हाताला वेगवेगळा कसा लागतो, हे सगळं त्या आठवड्यात त्यानं उचललं. हात आधीच तयार होता. ट्रक आला तेव्हा नाथाजीला धक्क्यावरून अक्षरशः ओढून आणावं लागलं.

पुढं कंपनी मिटली. नाथाजी गावी येऊन साखर कारखान्याच्या गोदामावर राखणदार झाला आणि संध्याकाळी बंधाऱ्यावर बसू लागला. बंधाऱ्याला तो आजही धक्काच म्हणतो. “धक्क्याव चाललो,” असं बायकोला सांगून निघतो. बायको बनुबाई. ती म्हणते, “जावा, पर समुद्र घरात आणू नगा. पाय धुऊन या.”

पूर उतरला की नदीत वांब फिरते. सापासारखा लांबडा, गुळगुळीत मासा. वाहत्या पाण्यात खांबांच्या कपारींतून ती वर चढते. पुढं बर्गे बसले, पाणी तुंबलं, की हे सगळं संपतं. मग वर्षभर ती बेचव चिलापी मासळीच. म्हणून भाद्रपदातली पहिली वांब बनुबाईची, असा त्या घरचा रिवाज. खोबरं चुलीत भाजून, लसूण ठेचून ती रस्सा करते, त्याचा वास माझ्या घरापर्यंत येतो आणि मागोमाग वाटीही येते.

महावीर जैन. त्याचा ऊस बंधाऱ्याला लागून, पाण्याची मोटार तिथंच. मोटार बघायला म्हणून तो रोज येतो आणि नाथाजीशेजारी बसतो. मासा वर येतोय असं दिसलं की तोंड फिरवतो आणि मासा पोत्यात गेल्यावर, “झालं का?” असं विचारून पुन्हा सरळ बसतो. इतक्या वर्षांत दोघांना यात वावगं वाटलेलं नाही. बोलणं चालू असतं. उसाची तोड, गुडघे, कोणाचा मुलगा कुठं लागला. पण ऐन बोलण्यात महावीरचं लक्ष काठीच्या शेंड्याकडे असतं, हे मी घाटावरून पाहिलेलं आहे. प्रेक्षक कुठं बघतोय हे ओळखण्यात माझा जन्म गेला.

मग एकोणीस सालचा महापूर आला. नाथाजीच्या घराची मागची भिंत बसली. महावीरचं घर दुमजली आणि उंचावर. त्यानं बनुबाई आणि नाथाजीला वरच्या खोलीत नेऊन ठेवलं, भिंत पुन्हा उभी राहीपर्यंत. दीड महिना ती दोघं तिथं होती. महावीरची बायको गुणमाला दिवस मावळायच्या आत ताटं वाढायची आणि हीही दोघं दिवस मावळायच्या आत जेवायची. बनुबाईला तिथं गुणमालाच्या हातच्या कुळथाच्या पातळ, गरम माडग्याची चटक लागली, ती लागलीच. त्याच मुक्कामात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. भाद्रपदातले दहा दिवस. उपास, देऊळ, कोणत्याही जिवाला दुखवायचं नाही.

त्या दिवसांत नाथाजी काठी घेऊन बंधाऱ्यावर गेला, बसला, आणि दोऱ्याचा गळ सोडून खिशात टाकला. नुसतं शिसं पाण्यात सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “त्याच्या घरात ऱ्हायचं, त्याचं खायाचं, आन त्याच्या सणात मारायचं व्हय?” थोड्या वेळानं महावीरनं हात पुढं केला आणि नाथाजीनं काठी त्याच्या हातात दिली. सत्तरीला आलेल्या माणसानं जन्मात पहिल्यांदा काठी धरली. पाणी दोऱ्याला कसं ओढतं, शिसं तळाच्या दगडावरून कसं टकटकत जातं, हे बोटांना कळायला लागलं आणि महावीर दिवेलागणीपर्यंत हलला नाही.

तेव्हापासून दरवर्षी हेच. घर पुन्हा उभं राहिलं, नाथाजी आपल्या घरी गेला, तरी ते दहा दिवस बिनगळाचे. आणि ते दहा दिवस काठी महावीरची. ठरलं कधीच नव्हतं, म्हणून मोडायचाही प्रश्न नव्हता. पलीकडच्या खांबावर कारखान्यातला नानासो रिळाची महागडी काठी घेऊन बसतो. तो ओरडायचा, “नाथाबा, मासं काय शिश्याचा मुका घ्यायला येत्यात व्हय?”

“तुझ्या गळाला तरी कुठं येत्यात?” नाथाजी म्हणायचा. “माझा निदान खर्च वाचला.”

यंदा बनुबाईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवायची आणि बाहेर काढायची. गुणमाला रोज माडग्याचा डबा पाठवायची, त्यातलं दोन चमचे जायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न जात नसेल तर सांगलीला नेऊन सलाइन लावावं लागेल. सांगलीचा दवाखाना म्हटल्यावर बनुबाईनं भिंतीकडे तोंड केलं. नाथाजी खाटेशी बसून राहिला. तोंड न वळवता ती म्हणाली, “वांबंचा रस्सा आसता तर भाकरी गेली आसती.”

दशलक्षणाचा तिसरा दिवस होता.

नाथाजी आष्ट्याच्या बाजारात गेला. मासे होते, पण तळ्यातले आणि चिलापी. ताजी बघून चिलापीच आणली, शेजारणीकडून बनुबाईच्याच पद्धतीनं रस्सा करून घेतला. ताट जवळ आलं तसं बनुबाईनं वास घेतला. “चिलापी हाय. मांजराला घाला.” मांजरानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या परसात गेले तर नाथाजी केळीच्या बुंध्याशी ओली माती उकरत होता. नारळाच्या करवंटीत गांडुळं.

“गळ लावणार तू? आता?” मी विचारलं.

“न्हाई बाई. गळ न्हाई लावत.” वर न बघता तो म्हणाला. “त्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्यानं आजून एक दावलं हुतं. शिवायच्या दोऱ्यात गांडुळं ववायची आन त्याचा गुंडा करून सोडायचा. वांब चावली की तिचं बारीक दात दोऱ्यात गुततात. झटका द्यायचा न्हाई. हळू उचलायची. गळ लागतच न्हाई.”

“म्हणजे बिनगळाचंच झालं म्हण.”

“तसंच म्हणायचं.” पण ते म्हणताना त्याचा आवाज पडला होता.

“आणि महावीर?”

“त्यो देवळातनं येतो दिस कलल्याव. त्याच्या आदी माझं काम हुतंय. त्याला कशाला कळाय पायजे? कळलं तर त्याला इचार आला. केलं तरी पाप, दुसऱ्याकडनं करून घेतलं तरी पाप, नुसतं बरं म्हटलं तरी पाप. त्यांच्यात तसं आसतंय. म्हणून म्या त्याला इचारलंच न्हाई.”

यात काही खोटं नव्हतं. नवरा बायकोसाठी मासा धरणार होता, मित्राला त्यातून बाजूला ठेवणार होता. मी करवंटीवर झाकायला केळीचं पान दिलं.

एकच गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. त्या आठवड्यात शेतीच्या मोटारीची लाइट दुपारी होती. महावीर देवळातून घरी न जाता तसाच मोटार सुरू करायला आला. नाथाजीनं गुंडा पाण्यात सोडून जेमतेम बूड टेकलं होतं. मी घाटावर होते. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो.

“आज लौकर रं?” नाथाजी म्हणाला.

“लाइट आली न्हवं का.” महावीर शेजारी बसला. उपासानं तोंड सुकलं होतं, पण चेहरा खुशीत होता. बसल्या बसल्या, दरवर्षीच्या सवयीनं, त्यानं हात पुढं केला.

नाथाजीनं काठी लगेच दिली नाही. “आज ऱ्हाऊ दे.”

“का? माझं तीन दिस झालं, सात ऱ्हायलं. त्यातला एक खातोस व्हय?”

नाथाजीनं काय करायला हवं होतं हे मी खुर्चीत बसून सांगू शकते. पोट दुखतंय म्हणायचं, दोरा तुटला म्हणायचं, काठी पाण्यात टाकून द्यायची. रंगमंचावर मी अशा दहा जागा निभावून नेल्यात. पण तो नट नव्हता. त्यानं काठी दिली.

पाणी शांत होतं. महावीर उसाच्या तोडीबद्दल काही बोलत होता. बोलता बोलता थांबला. शेंडा वाकला.

“नाथा, वडतंय रं!”

“सोड! सोड काठी!”

पण महावीर सोडेना. झटका न देता, जसं दरवर्षी शिसं उचलायचा तसं, त्यानं काठी सरळ वर घेतली. आणि तो हसला. मोठ्यानं, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. वांब पाण्यातून वर आली, हातभर लांब, भिंतीवर आपटली आणि दोरा सैल होताच सुटून दोघांच्या मध्ये वळवळायला लागली. दोऱ्याच्या टोकाला ओवलेली गांडुळं लोंबत होती. नाथाजीच्या मांडीखालून ओलं पोतं दिसत होतं.

महावीरनं आधी गांडुळं बघितली, मग पोतं.

“हे काय, नाथा?”

“बनूसाठी. काय खाईना ती.”

“मला सांगायचं हुतंस.”

“सांगितलं आसतं तर तुला पाप लागलं आसतं.”

“आन आता?”

महावीरनं काठी भिंतीवर ठेवली, काच ठेवावी तशी. उठला. “मासा तुझा हाय. वयनी आजारी हाय. मी काय बोलत न्हाई,” म्हणाला आणि उसाच्या बांधानं निघून गेला. त्यानं वळून पाहिलं नाही. मोटार सुरू करायलाही विसरला.

नाथाजीनं पोत्यानं वांब धरली. उभा राहिला. मी खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत गेले, गुडघ्यांना न विचारता. पोत्यात तिचा जोर दिसत होता.

“घेऊन जा,” मी म्हटलं. “बनुबाईच्या पोटात दोन घास जातील. झालं ते झालं.”

“त्याच्या हातनं आली ही, बाई,” तो म्हणाला. “आता मारली तर त्याच्या हातनं मेली.”

आणि खाली वाकून त्यानं पोतं पाण्यावर उघडलं. वांब क्षणभर खांबाच्या सावलीत दिसली आणि गेली. मग त्यानं दोरा काडकन तोडला. “महावीरला सांगू नगा. फसवलं ते फसवलं. सोडली म्हणून ते पुसत न्हाई.”

मी सांगितलं नाही.

नंतरचे दिवस महावीर बंधाऱ्यावर आला नाही. त्यानं ते सगळे दिवस कडक उपास धरले, घरात कारण सांगितलं नाही. गुणमालाचा डबा मात्र रोज यायचा. नाथाजी भिंतीवर एकटाच, काठी शेजारी आडवी. नानासोनंही टोमणा मारणं सोडलं. बनुबाईला शेवटी सांगलीला न्यावंच लागलं. दोन दिवस सलाइन लावलं. चौदसीला आमच्या घाटावर गणपती विसर्जनाचे ढोल वाजत होते तेव्हा नाथाजी तिला घेऊन एसटीनं परत आला. तरतरी होती, पण गालाची हाडं वर आली होती. यंदा तोवर पाणी पार उतरून वांबेचा मोसम संपला होता. गुंडा टाकूनही ती मिळाली नसती.

दशलक्षण संपल्यावर जैनांत क्षमावाणी असते. वर्षभरात कोणाला दुखावलं असेल त्याच्या दारात जाऊन हात जोडून क्षमा मागायची. लहान-मोठा कोणीही असो. मी बनुबाईची विचारपूस करायला गेले होते. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, नाथाजी उंबऱ्यात लसूण सोलत होता. महावीर आणि गुणमाला आत आली. गुणमालाच्या हातात डबा. नाथाजी गडबडून उठला, लसूण सांडला.

महावीरनं हात जोडले. “उत्तम क्षमा. माझ्याकडनं वरीसभरात काय चुकलं आसंल तर माफ कर, नाथा.”

“तू कशाला? फसवलं म्या.”

“तुझं तू बघ. माझं येगळंच हाय.” महावीर खाली बसला. “मासा वडला तवा मला लय बरं वाटलं. मी हसलो. देवळात बसलो तरी हाताला ती वढ लागतीया. जीव गेला त्यो माझ्या हातनं, आन मी हसत हुतो.”

“कुठला जीव?” बनुबाई म्हणाली. “आवं अण्णा, ह्यांनी तवाच सोडली की तिला नदीत! माझ्या तोंडचा रस्सा नदीला घालून आले आन रातभर उगंच कूस बदलत पडले. सांगितलं न्हाई व्हय तुमाला?”

महावीरनं नाथाजीकडे पाहिलं. “सोडलीस?”

“व्हय.”

“आन वयनी उपाशी?”

“उपाशी कशाला?” बनुबाई म्हणाली. “सलाइन हुतं. अक्काचं माडगं हुतं. तुमी दोघं भांडला आसता तर त्यो डबा बंद झाला आसता, मग मी मेले आसते.”

गुणमाला हसायला लागली. महावीर हसला नाही. “मला का सांगितलं न्हाईस रं? इतकं दिस माझ्या जिवाला घोर.”

“सांगितलं आसतं तर तू लगीच माफ केलं आसतंस,” नाथाजी म्हणाला.

गुणमालानं डब्याचं झाकण काढलं, वाटीत माडगं ओतलं आणि बनुबाईच्या हातात दिलं. बनुबाईनं वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली.

“ते ऱ्हाऊ दे सगळं,” गुणमाला नाथाजीला म्हणाली. “पर भावजी, पुढच्या वर्सापासनं ह्यांच्या हातात काठी देऊ नगा. ह्यांचा काय भरवसा न्हाई.”

महावीर मान खाली घालून बसला. खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखा, तळहाताकडे बघत. नाथाजीनं सांडलेला लसूण एकेक करून गोळा केला. मग म्हणाला, “काठी देतो की वयनी. दोरा बांधत न्हाई.”